शिवेबाहेर

व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठची ती पावणेचार एकर जमीन काशीराम घाडी कसत होता, त्याच्या आधी त्याचा बाप कसत होता, बापाच्या आधी आजा. सातबारावर मालक म्हणून नाव मात्र महाराष्ट्र सरकारचं. सरकारला चिखलात उतरताना आमच्या वायरोळ गावात कोणी पाहिलेलं नाही.

मी दत्तप्रसाद. पोस्टातून निवृत्त झालो आणि गावी येऊन राहिलो. काशीरामाची पडवी आणि माझी पडवी यांच्यामध्ये कमरेएवढा दगडी गडगा आहे, तेवढाच. त्यामुळे त्यांच्या घरातलं भांडण मला कान न देताही ऐकू येतं आणि माझ्या घरातलं त्यांना.

तलाठी अशा जमिनीला आकारीपड म्हणतात. जिचा आकार, म्हणजे सारा, कोणी भरला नाही म्हणून ती सरकारजमा झाली. काशीरामाच्या पणज्याने तो का भरला नाही याची गोष्ट घरात चालत आली होती, पण गोष्टीला कागद नव्हता. तो कागद यंदा दिवाळीनंतर अजयने आणला. अजय हा काशीरामाचा एकुलता मुलगा, कुडाळच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो. मालवणच्या कचेरीतून त्याने जुन्या सर्वेच्या वहीतल्या पानाची झेरॉक्स मिळवली. ती इंग्रजीत होती. वकिलाकडून अर्थ लिहून घेतला आणि रविवारी सकाळी पडवीत बसून आईबापांना वाचून दाखवला. मी गडग्याला टेकून उभा होतो.

“‘गावात मनुष्य नाही. एकाही चुलीत विस्तव नाही. गोठे रिकामे. ओढ्याकाठची जमीन बेवारस समजावी.’”

“म्हंजे तो गोरो सायब पळणीत इलो,” कृष्णाबाई म्हणाली.

“पळणीतच. तारीख मार्गशीर्षातली आसा.”

“मगे कोणाक इचारल्यान नाय?”

“कोणाक इचारतलो गो आये? गावात होतो कोण?”

कृष्णाबाईने हातातली केरसुणी जमिनीवर आपटली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या साहेबावर तिला त्या क्षणी खरोखरीचा राग आला होता.

पळण म्हणजे गावपळण. दर तीन वर्षांनी देव रवळनाथ कौल देतो आणि अख्खं वायरोळ तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरंसुद्धा. चुली विझवायच्या, दारं लोटायची आणि व्हाळ ओलांडून पलीकडच्या माळावर झोपड्या घालून राहायचं. तीन दिवस गाव देवाचा. साहेब असल्या दिवसांत आला. तो सात समुद्र ओलांडून आला तो काही आमच्या कुळथाची पिठी चाखायला नव्हे. त्याला सगळ्या मुलखाचा सारा बांधायचा होता. इंचाइंचाला मालक हवा होता, म्हणजे कोणाच्या मानगुटीवर बसायचं ते कळतं, आणि जिथे मालक दिसला नाही तिथे मालक तो. आमच्यासारखी किती गावं त्याने अशी रिकामी ठरवली असतील कोणास ठाऊक.

पणजा चौथ्या दिवशी परतला तेव्हा शेतात एक लाकडी खुंटी मारलेली होती. त्याने ती उपटली आणि गोठ्यात नेऊन तिला रेडा बांधला. पुढच्या साली सारा भरायला मालवणास गेला, तर कारकून म्हणाला, तुझं नाव यादीत नाही, तुझ्याकडून काही घ्यायचं नाही. पणजा खूश झाला. सारा वाचला म्हणून त्याने देवाला नारळ दिला. ही गोष्ट सांगताना काशीरामाचा बाप हसायचा. काशीरामही परवापर्यंत हसत होता.

साहेब गेला तरी वही राहिली. वहीवरून सातबारा झाला, सातबारा कम्प्युटरवर गेला. यंदा मात्र सरकारला पाझर फुटला. आकारीपड जमिनी कसणाऱ्यांना परत द्यायच्या असं ठरलं. अट एकच. मंडळ अधिकारी, म्हणजे सर्कल, जागेवर येणार, अर्जदाराने आपल्या जमिनीत उभं राहायचं, सर्कलने टॅबवर त्याचा फोटो काढायचा. टॅब तो चेहरा आधारकार्डाशी ताडून बघणार. माणूस जागेवर सापडला की नाव लागणार. नाही सापडला तर जमीन पर्यटन प्रकल्पाकडे. तोंडवलीच्या किनाऱ्यावर पाहुण्यांची गर्दी झाल्यापासून आमच्या व्हाळाकाठच्या शांततेलाही भाव आला होता. दोनदा गाड्या येऊन जमीन बघून गेल्या होत्या.

काशीरामाचा अर्ज गेला. पाहणीची नोटीस आली. गुरुवार, सकाळी अकरा.

त्या नोटिशीनंतरचे बारा दिवस ती दोघं जशी राबली तसं राबताना मी त्यांना तरुणपणीही पाहिलं नव्हतं. जमीन कसलेली दिसायला हवी, राहती दिसायला हवी. काशीरामाने शेताचा पडलेला गडगा पुन्हा रचायला घेतला. जांभ्याचा एकेक दगड पोटाशी धरून तो वरच्या कातळावरून खाली आणायचा. सहासष्ट वर्षांचं वय, उजवा गुडघा कामातून गेलेला. चढण आली की दगड मांडीवर टेकवून दम घ्यायचा आणि कोणी बघत नाही ना ते बघायचा. रात्री कृष्णाबाई त्याच्या गुडघ्यावर एरंडाचं पान गरम करून बांधायची.

तिचं काम निराळं. शेतातल्या मांगराचं, म्हणजे राखणीच्या खोपीचं, छप्पर गेल्या पावसात उडालं होतं. माडाची चुडतं भिजत घालून ती झापं विणत बसायची, पाय पसरून, पाठ सरळ ठेवून, दिवसाला सात-आठ. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. त्या चिरांत ती खोबरेल भरायची आणि पुन्हा बसायची. मधल्या वेळात कुळीथ पेरला, चवळी टोवली, कळशीने पाणी घातलं. कुळीथ चार बोटं वर आला तेव्हा तिने मला हाक मारून दाखवला.

“दत्ताभाऊ, सर्कलाक दिसतलो मां?”

“आंधळ्याक दिसात गो वयनी.”

“आंधळ्याचा काय नाय. सरकाराक दिसाक व्हयो.”

यंदा पळणीचं वर्ष आहे हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं. पण तारीख देवाची. ती पाहणीच्या आधीही लागू शकत होती, नंतरही. रविवारी देवळात कौल लावायला बारा-पाचाचे मानकरी जमले.

कौल मागण्यासाठी गाऱ्हाणं घालावं लागतं आणि ते घालायचा मान घाड्याचा. म्हणजे काशीरामाचाच. कोणाची म्हैस हरवली, कोणाची सून नांदत नाही, कोणाची होडी आठ दिवस रिकामी येते, सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं ते त्याने. एरवी चारचौघांत अडखळणारा हा माणूस देवासमोर उभा राहिला की त्याचा आवाज गाभाऱ्यात घुमतो.

त्या दिवशी परशुराम गावकर, गावचा पहिला मानकरी, त्याच्या कानाशी लागून म्हणाला, “बुधवार माग. अवसेच्या आत परत येवक व्हया.” काशीरामाने मान हलवली. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याने ओल्या पाकळ्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा! तुझी लेकरां आज पायाकडे इली हत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे.

“येत्या बुधवारी गावान पळण काढूची, आनी तू राखण करूची, असा तुझ्या मनात आसात तर उजवो कौल दी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

पाकळी पडायला वेळ लागला. त्या वेळात त्याला बोलता आलं असतं. गुरुवारी माझ्या जमिनीचा निकाल आहे, दुसरा दिवस दे, एवढंच. त्याचे ओठ हलल्यासारखे मला वाटले. मग उजवी पाकळी घसरली आणि गाव “व्हय म्हाराजा” म्हणून मोकळा झाला.

संध्याकाळी गडग्यापलीकडून कृष्णाबाईचा आवाज आला.

“तुमी देवाक सांगलास?”

“काय?”

“गुरवारी सर्कल येतलो तां.”

सुपारी कातरल्याचा आवाज आला.

“अख्ख्या दुनयेचा सांगतास. शेजाऱ्याची कोंबडी चुकली तरी गाऱ्हाणा घालतास. आपल्या जमनीचा सांगताना तोंडात गुळणी धरलास?”

“घाड्यान आपल्यासाठी मागूचा नसता गो. तां तोंड देवाच्या कामाचा.”

“तोंड देवाचा. आनी पोट? तां कोणाचा?”

मी आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला.

मंगळवारी आम्ही दोघं एसटीने मालवणला कचेरीत गेलो. मला त्याने बरोबर घेतलं ते बोलण्यासाठी. मी पोस्टातला, शुद्ध बोलणारा. सर्कल मॅडम घाटावरच्या, तिशीच्या आतबाहेर, समोर फायलींचा ढीग. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या हे सांगायला हवं. काशीराम खुर्चीच्या कडेला टेकला.

“मॅडम, गुरुवारी आम्ही… आम्ही गावात असणार नाही,” तो म्हणाला.

“मग कुठे असणार?”

“व्हाळाच्या पलीकडे.”

“ते किती लांब?”

“शंभर पावलं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “काका, मग शंभर पावलं चालत या. पाच मिनिटांचं काम आहे.”

“येता येत नाही.”

“कोण अडवतं?”

काशीरामाने माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला आणि गावपळण, परंपरा, श्रद्धा असं बरंच काही बोललो. मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “माझ्याकडे एकशे बारा जागा आहेत. शुक्रवारी संध्याकाळी पोर्टल बंद होतं. ते माझ्या हातात नाही हो. तारीख बदलायला अर्ज वर द्यावा लागेल, त्याला महिना जाईल, आणि पोर्टल तर शुक्रवारी बंद.”

शेजारच्या टेबलावरचा कारकून मान वर न करता म्हणाला, “मग देवालाच अर्जदार करा की. आधार असलं तर.”

खोलीत हशा पिकला. त्यात पहिला मी हसलो. का हसलो ते मला आजही सांगता येत नाही. कचेरीत कोणी विनोद केला की हसायचं अशी चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय. मी हसलो म्हणून काशीरामही हसला, उगाच, दात दाखवून. परतीच्या एसटीत आम्ही एका बाकावर बसलो होतो, पण मी सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होतो. मला माझी लाज वाटत होती.

बुधवारी गाव निघाला. डोक्यावर वळकट्या, टोपल्यांत कोंबड्या, दाव्याला गुरं. प्रियांका नावाची एक लेकुरवाळी होती, चंदन सुताराची बायको, बाळंत होऊन अठरा दिवस झालेली. तिला खुर्चीत बसवून चौघांनी व्हाळ ओलांडून नेलं. कृष्णाबाई सर्वांत शेवटी आली. व्हाळाला गुडघाभर पाणी होतं. मधोमध उभी राहून तिने एकदा मागे पाहिलं. मांगराची नवी झापं उन्हात पिवळीधमक दिसत होती.

काशीरामाची झोपडी आम्ही मुद्दाम पाण्याला लागून घातली. तिथून त्याची जमीन समोर, हात लांब केला तर लागेल अशी.

गुरुवारी अकराला पांढरी जीप आली. मॅडम उतरल्या, बरोबर ओंकार, शेजारच्या गावचा कोतवाल. मॅडम गडग्याच्या फटीतून आत शिरल्या, कुळथाच्या सरीत पाय पडू नये म्हणून बांधावरून चालत शेताच्या मध्यावर आल्या आणि चारी बाजूंना पाहिलं. मग व्हाळाकडे तोंड करून हात हलवला.

“काका! या!”

माळावर तीनशे माणसं. भाकऱ्या भाजणाऱ्या बायकांनी हात थांबवले. काशीराम पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. पायांची बोटं पाण्यात, टाचा कोरड्या.

तो पलीकडे गेला असता तर काय झालं असतं ते तिथल्या पोराटोरांनाही माहीत होतं. पळण मोडली असती. घाड्यानेच शीव ओलांडली म्हटल्यावर तीन रात्री पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या, माळावरच्या त्या गारठ्यात, म्हाताऱ्यांसकट, अठरा दिवसांच्या बाळासकट. आणि काशीरामाने पुन्हा कधी देवासमोर तोंड उघडायचं नाही.

त्याचा फोन वाजला. अजय होता, कारखान्यातून. फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून काशीराम नेहमी स्पीकर लावायचा, त्यामुळे आम्हा सर्वांना ऐकू आलं.

“बाबा, उतरा पाण्यात. देव खाणा नाय. मिया सांगतंय, उतरा!”

“व्हय रे,” काशीराम म्हणाला.

“व्हय काय? जातास मां?”

“व्हय रे झिला,” असं पुन्हा म्हणून त्याने फोन खिशात ठेवला. खिशातून अजयचा आवाज थोडा वेळ येत राहिला.

मग त्याने मागे वळून परशुराम गावकराकडे पाहिलं. परशुराम झोपडीच्या सावलीत बसला होता. तो म्हणाला, “काशीराम, जा म्हणान मिया सांगूचंय नाय. जाव नको म्हणानय सांगूचंय नाय. तुझो तू बघ.”

काशीरामाने आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. ती माझ्यावरही थांबली. त्या क्षणी एकाने जरी म्हटलं असतं, जा रे बाबा, आम्ही काढू आणखी तीन रात्री, तर तो गेला असता. याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. एकानेही म्हटलं नाही. मला लेकुरवाळीचं बाळ दिसत होतं, माझा दमा आठवत होता. मी खाली पाहिलं.

तेवढ्यात पाणी वाजलं. कृष्णाबाई व्हाळात उतरली होती.

“खंय चललंस गो?” काशीराम ओरडला.

“माका कसलो मान नाय. माझो अपमान कोण करतलो?” ती न थांबता म्हणाली. नेसू वर खोचलेलं, एक हात तोल सावरायला पसरलेला. मधल्या शेवाळी धोंड्यावर तिचा पाय सरकला, ती एका गुडघ्यावर बसली, उठली, आणि ओलीचिंब पलीकडे चढली. धावायचा तिचा विचार होता बहुतेक, पण ओलं लुगडं पायांत येत होतं.

“फोटो काढ गो बाय,” ती मॅडमना म्हणाली. व्हाळ अरुंद, वारा आमच्याकडे येणारा. सगळं ऐकू येत होतं.

“अर्जदार तुम्ही आहात का, मावशी?”

“मी तेंची बायल.”

“अर्ज त्यांच्या नावावर आहे.”

“नावावर कोणाचोय आसूं दी. चाळीस वर्सां हंय वाकली ती मी. ह्यो कुळीथ माझो. ही झापां माझी. हे बघ बोटां.”

मॅडमनी तिची बोटं खरंच पाहिली. मग टॅब वर धरून तिचा फोटो काढला. टॅबने घेतला नाही. पुन्हा काढला. ओंकारने सावली केली, डोक्यावरचा पदर मागे घ्यायला सांगितलं. कृष्णाबाई ताठ उभी राहिली, शाळेच्या फोटोसाठी उभं राहतात तशी. तिसऱ्यांदाही टॅबवर तांबडी अक्षरं आली.

“काका!” मॅडमनी तोंडाभोवती हात धरून हाक मारली. “आता तरी या! पाच मिनिटं फक्त!”

आता तर पळण मोडलेलीच होती. बायको शीव ओलांडून गेली म्हणजे घर गेलं. काशीराम गेला असता तरी आता आणखी काही बिघडणार नव्हतं. मला हे तेव्हाच कळलं, आमच्यापैकी सगळ्यांनाच कळलं असणार. पण काशीरामाच्या पायांना ते कळलं नाही. तो नुसता उभा होता. त्याने एक पाय उचलला आणि होता तिथेच परत ठेवला.

मॅडम बांधावर बसून राहिल्या. त्यांना पुढच्या गावी जायचं होतं, ओंकार दोनदा घड्याळ दाखवून गेला. तरी त्या पाऊण तास बसल्या. शेवटी उठल्या आणि कृष्णाबाईला टॅब दाखवून म्हणाल्या, “यात दोनच पर्याय आहेत मावशी. अर्जदार जागेवर आढळला, किंवा आढळला नाही. तिसरं काही लिहायला जागाच नाही. असती तर मी लिहिलं असतं.”

“मगे आता?”

मॅडमनी बोट टेकवलं. “झालं,” म्हणाल्या, आणि बांधावरूनच परत गेल्या.

कृष्णाबाई एकटी शेतात उभी राहिली. जीपचा आवाज संपला तेव्हा तिने वाकून कुळथातलं थोडं तण उपटलं, मांगराचं वाऱ्याने हलणारं दार ओढून घेतलं आणि व्हाळ उतरून परत आली. तिला हात द्यायला कोणी पुढे झालं नाही.

“काशीराम,” परशुराम म्हणाला, “कौल घेवक व्हयो.”

व्हाळातलाच एक गोल धोंडा मांडला. काशीरामाने त्याला ओल्या पाकळ्या लावल्या आणि देवळाच्या दिशेला तोंड करून गाऱ्हाणं घातलं. “बा देवा, म्हाराजा. माझ्या घरच्या माणसान तुझी शीव मोडल्यान, म्हाराजा.” आवाज नेहमीसारखा खणखणीत, एकदाही फाटला नाही. कृष्णाबाई चार हातांवर पदर पिळत उभी होती. आम्ही “व्हय म्हाराजा” म्हणालो. देवाने तीन रात्री नव्याने मागितल्या.

तिला कोणी वाईट बोललं नाही. आमच्या गावात तेवढी रीत आहे. पण माळावर एकमेकींच्या चुलीवरून विस्तव नेतात, तो त्या तीन दिवसांत तिच्या चुलीवरून कोणी नेला नाही. रात्री लेकुरवाळीचं बाळ रडायला लागलं की ती झोपडीत उठून बसायची. तिसऱ्या रात्री ती आपलं कांबळं घेऊन तिथे गेली. चंदनने ते घेतलं, “बरा” म्हणाला आणि दार लावून घेतलं.

गाव परतला. बाळाला सर्दी झाली होती, ती उतरली. अजयने बापाशी बोलणं टाकलं. पगाराच्या दिवशी येतो, आईच्या हातात पैसे ठेवतो, शेवटच्या एसटीने जातो.

पौषात एका सकाळी ओंकार टेम्पोतून पत्र्याची पाटी, लोखंडी खांब आणि सिमेंटची गोण घेऊन आला. मजूर यायचा होता तो आला नव्हता. ओंकार एकटाच पहार घेऊन शेतात खणायला लागला, नेमका कुळथात. काशीराम आणि मी बांधाच्या कडेला उभे होतो. पहार दर वेळी खणकन वाजायची. खांब चांगला पुरुषभर उंच होता आणि खड्डा वीतभरही होईना. ओंकारचं ते पोस्टातल्या साहेबासारखं खणणं बघून काशीराम अस्वस्थ झाला.

“अरे मेल्या, थंय खणा नको. खाली कातळ आसा.”

“मगे खंय खणू?”

काशीराम बांधावरून आत उतरला. आठ पावलं चालला, टाचेने जमीन चाचपली, आणखी दोन पावलं डावीकडे गेला. “हंय. हंय पुरुषभर माती.” ओंकारच्या हातातून त्याने पहार घेतली आणि दुखरा गुडघा टेकून खणायला लागला. माती भसाभसा निघाली. खांब उभा केला तेव्हा तो कलता होता. काशीरामाने एक डोळा मिटून तो ओळंब्यात आणला, दगडांच्या चिपा चारी बाजूंनी ठोकल्या, माल ओतला, आणि मग भोवतालची माती पायाने दाबत खांबाभोवती फिरला. कृष्णाबाई तांब्या घेऊन आली होती. तिने ओंकारला पाणी दिलं आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

“आता ह्यो दहा पावसांत हलाचो नाय,” काशीराम कपाळ पुसत म्हणाला.

पाटीवर लिहिलं होतं, ही जमीन शासनाच्या मालकीची आहे, प्रवेश करणाऱ्यावर कारवाई होईल. ओंकारने मोबाईल काढला. पाटी उभी केल्याचा फोटो कचेरीत पाठवायचा होता. त्याने मोबाईल डोळ्यांसमोर धरला, खाली घेतला, पुन्हा धरला. त्याला संकोच वाटत होता.

“काकानू,” तो म्हणाला, “वायच बाजूक होवा. फोटोत माणूस दिसाक नको.”

“खंयपर्यंत?” काशीरामाने विचारलं.

ओंकारने हाताने दाखवलं. काशीराम एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक. ओंकारचा हात हलतच होता. शेवटी तो गडग्याच्या फटीतून बाहेर पडून वाटेवर उभा राहिला, आणि तिथून त्याने विचारलं, “आता बरा?”

“बरा,” ओंकार म्हणाला, आणि त्याने फोटो काढला.